पाठ टेकली तेव्हा

ताकाच्या कढीत हळद पडली की मला आखाड्याच्या मातीचा वास येतो, कारण आमच्याकडे शहाद्याच्या बाजूला त्या मातीतही ताक-हळदच कालवतात. माझा थोरला भाऊ त्या मातीतला पहिलवान. एका मोठ्या कुस्तीत पंचांनी त्याला चीत ठरवलं. माझी पाठ टेकलीच नव्हती, असं सांगत तो दारूत बुडाला. पुढे गावातल्या पोरांनी त्याच्यावर विनोदी पिच्चर काढला आणि त्यात पहिलवानाच्या कामाला त्यालाच उभं केलं. हरायचा प्रसंग मात्र काही केल्या होईना. पाय लटपटत होते, तोंडाला दारूचा वास होता, तरी समोरच्या नटाला तो दरवेळी उचलून आपटायचा. बघणारे हसून हसून लोळले. शेवटी पोरांनी मला पुढे केलं. मी म्हणालो, "भाऊ, टेकी दे ना पाठ, पिच्चरच तं शे." "तू सांगस म्हनीसन," तो म्हणाला आणि माझ्या शब्दाखातर मातीत उताणा पडला. टाळ्या वाजल्या. तो अंगाची माती न झटकताच घरी गेला. आता भाऊ नाही. पिच्चर मोबाईलवर अजून फिरतो, लोक अजून हसतात. मी तेवढा प्रसंग पुढे सरकवतो. पडलेला भाऊ त्यात कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे बघतोय.