मशालीच्या मानाचा कर्नल

सैन्यातली माझी अठ्ठावीस वर्षं मुख्यतः बटाट्यांच्या सोबतीत गेली. मी रसद खात्यात होतो. बटाटे, डाळ, रॉकेल आणि लोकरीचे मोजे डोंगरावर चढवायचे आणि रिकामी पिंपं खाली आणायची, हे माझं शौर्य. तरी कर्नल म्हणून निवृत्त होऊन देवरूखजवळच्या आमच्या गावी राहायला आलो, तेव्हा शाळेने मला भाषणाला बोलावलं आणि प्रास्ताविकातच माझ्या हातून शत्रूच्या तीन चौक्या पडल्या. मी दुरुस्ती केली. लोकांना तो माझा विनय वाटला. पुढच्या कार्यक्रमाला चौक्या पाच झाल्या.

या कीर्तीमुळेच शिमग्याच्या पालखीचं काम माझ्याकडे आलं.

आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघरी जाते. घरांचा क्रम कुठल्या तरी पूर्वजाने लावून दिलेला आहे आणि तो बदलत नाही. निम्मे पुरुष मुंबईला नोकरीला. ते दोन दिवसांची रजा काढून येतात आणि पालखी आपल्या अंगणात आली की खांद्यावर घेऊन नाचवतात. खालच्या वाडीत मात्र ती इतकी उशिरा पोचते, की तोवर माणसं परतीच्या बसमध्ये बसलेली असतात. त्याच वाडीतली आमच्या शेजारची काकी गेली तीन वर्षं देवीची ओटी एकटीच भरत होती. तिचा मुलगा मुंबईत एका टॉवरवर वॉचमन आहे. त्याच्या गणवेशाला माझ्यापेक्षा जास्त सोनेरी दोऱ्या आहेत, रजा मात्र फार कमी.

"यंदा त्याच्या खांद्यावर पालखी बघू दे," काकी मला म्हणाली. "तू येवढा करनेल झालास, तर येवढं कर."

मी नकाशा काढला. वेळापत्रक केलं. दर घराला बारा मिनिटं, चढणीला पाच जादा, पाणी प्यायला दोन थांबे. मुलाची बस चारची. काकीच्या अंगणात पालखी एक वाजून दहा मिनिटांनी. झेरॉक्स काढून प्रती वाटल्या. आमचे गावकर, म्हणजे गावाच्या वतीने देवीशी बोलण्याचा मान असलेले ऐंशीच्या घरातले गृहस्थ, त्यांनी कागद कपाळाला लावला आणि घडी घालून टोपीत ठेवला. मला ती मंजुरी वाटली.

माझी चूक पहिल्याच घरी कळली. मी गाऱ्हाणं हिशेबात धरलंच नव्हतं. प्रत्येक घरी गावकर त्या घरच्या मागण्या देवीला सांगतात आणि प्रत्येक वाक्याला सगळे 'व्हय महाराजा' म्हणतात. माझ्या लहानपणी ते भात, गुरं आणि खोकला एवढ्यात आटपायचं. आता थोरल्या सुनेची बदली निघाली, धाकट्याचा व्हिसा निघाला, नालासोपाऱ्याच्या इमारतीत बसवायची लिफ्ट निघाली, आणि लिफ्टला विरोध करणारा तळमजल्यावरचा सभासद त्याच्या फ्लॅट नंबरासकट देवीच्या कानावर घालण्यात आला. पन्नास मिनिटं गेली.

मी गावकरांना घड्याळ दाखवलं. त्यांनी ते कौतुकाने पाहिलं.

"तू करनेल तकडं," ते शांतपणे म्हणाले. "हितं तुझ्या घराला मशालीचा मान. मशाल धर."

पालखीपुढे मशाल धरणं आमच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि त्यात बढतीची सोय नाही. एका हातात पेटती मशाल, दुसऱ्या हातात तेलाची बुधली, डोक्यावर फाल्गुनातलं भर दुपारचं ऊन. मशालीचा उजेड कुणालाच दिसत नव्हता, धग फक्त मला लागत होती. घड्याळ बघायला मनगट वळवलं की तेल सांडायचं.

अडीच वाजले तेव्हा काकीच्या आधीची पाच घरं बाकी होती. आधी खालची वाडी घेऊ या का, असं मी विचारून पाहिलं. मी देवीच विकायला काढल्यासारखे सगळे माझ्याकडे बघू लागले. काकीचा मुलगा बॅग पाठीला लावूनच पालखीमागून चालत होता. काकी दर घरी येऊन माझ्याकडे एकदा बघायची आणि परत जायची.

पुढच्या घरी गाऱ्हाणं ऐन रंगात असताना वारा फिरला आणि मशालीचा धूर माझ्या डोळ्यांत गेला. मी चार पावलं अंगणाबाहेर सरकलो. मागे बघतो तर पालखी उठलेली. मशाल पुढे गेली की पालखीने मागे राहायचं नाही, हाही त्याच पूर्वजाचा नियम. बटाट्यांच्या एवढ्या वर्षांत हातात कधी आला नव्हता एवढा अधिकार मला धुराने दिला. गावकरांच्याही ते लक्षात आलं, पण नियमापुढे त्यांचाही इलाज नव्हता.

मग पुढच्या चारही घरी मी तेच केलं. महत्त्वाची मागणी झाली की चालू लागायचं. एका घरच्या दहावीच्या निकालाचं 'व्हय महाराजा' आम्ही शेताच्या बांधावरून जाता जाता म्हटलं. असा मशालवाला सात पिढ्यांत झाला नाही, असं त्या घरचे यजमान बांधाच्या टोकापर्यंत सांगत आले.

चाराला वीस मिनिटं कमी असताना आम्ही काकीच्या अंगणात शिरलो. मुलाने बॅग टाकली आणि पालखी खांद्यावर घेतली. ढोल वाजत होता. चार महिन्यांच्या रात्रपाळ्या झटकून टाकाव्यात तसा तो नाचला. काकी ओटीचं ताट हातात धरून उभी होती आणि ओटी भरायचं विसरली होती. तिच्यासाठी काय मागू, म्हणून गावकरांनी विचारलं.

"पुढल्या शिमग्याला त्याला तीन दिवस रजा मिळू दे," ती म्हणाली.

गावकरांनी त्याच्या सुपरवायझरसाठी सद्बुद्धी मागितली. 'व्हय महाराजा' मी इतरांपेक्षा जरा मोठ्याने म्हटलं. 'घरी पालखी येणार' एवढंच कारण लिहिलेले रजेचे अर्ज माझ्याही टेबलावर येत. कारण सबळ नाही, असा शेरा मारून मी ते परत पाठवत असे. सही फार झोकदार करायचो.

मुलगा गुलालाने माखलेल्या तोंडाने धावत गेला आणि बसमध्ये चढला. खाली अजून सहा घरं होती, म्हणून मी लगेच पाऊल उचललं. काकीने माझ्या हातातून मशाल काढून घेतली आणि तुळशीपाशी जमिनीत रोवली.

"आता कसली घाई? बस. चहा घे."

मशाल हलेना, म्हणून पालखीही हलेना. थोड्या वेळाने अंगणाभोवतीच्या चिऱ्याच्या गडग्याबाहेर खालच्या सहा घरांतली माणसं येऊन उभी राहिली. प्रत्येकाच्या पाठीला बॅग होती. पाचच्या बसला किती जणांना जायचं आहे, हे मी विचारलं नाही. चहा चांगला होता.