उपसलेली विहीर

"देवमाणूस होता हो!" हे वारले तेव्हा भेटायला आलेला जो तो हेच म्हणत होता. वेल्ह्याच्या बाजूची चार-दोन टोपीवाली माणसंही आली होती. त्यांच्या तोंडून तो शब्द मला ऐकवेना. चुलीवर चहाचं आधण होतं, ते तसंच सोडून मी मागच्या दारी जाऊन उभी राहिले. मेल्यावर देव म्हणायला यांचं काय जातंय! जिवंत होता तेव्हा माणूस म्हणायचं होतं.

आमचे हे मेकॅनिक. कापूरहोळच्या एका गॅरेजात हात काळे करून शिकले आणि भोरला एस.टी. स्टँडच्या मागे पत्र्याची टपरी टाकली, तिला लागूनच आमचं बिऱ्हाड. साठ-सत्तरचा तो काळ, विहिरींवर नवी नवी ऑइल इंजिनं बसत होती. बसवणारे बसवून जायचे, त्यांचं पुन्हा तोंड दिसायचं नाही. बंद पडलं की यांना बोलावणं. जेवताना कुणी आलं तरी ताट सरकवून उठायचे. मी भांडी आपटायची. "आधी तो घास तर संपवा!" तर म्हणायचे, "अगं, पीक वाळतंय त्येंचं." घरात असले की थोरलीच्या वेण्या हेच घालायचे. तिच्या रिबिनीला ग्रीसचा वास येतो म्हणून शाळेत पोरी चिडवायच्या, तरी तिला वेण्या बापाच्याच हातच्या लागत. धाकटी तर त्यांच्या पोटावरच झोपायची.

एकच गोष्ट मला सहन व्हायची नाही. आम्ही बौद्ध. धर्म बदलून बरीच वर्षं झाली होती, पण खेड्यात पाऊल टाकलं की लोकांच्या लेखी आम्ही तेच जुने. यांच्यासाठी घराबाहेर वळचणीला एक कान तुटलेली कपबशी खोचलेली असायची. ती आपली आपण काढायची, वरून ओततील तो चहा प्यायचा, विसळायची आणि परत खोचायची. कधी त्यात कोळ्याचं जाळं, कधी पालीची लेंडी. हे फुंकर मारून प्यायचे आणि घरी येऊन हसत सांगायचे.

"शी! तुम्हाला किळस कशी येत नाही हो?"

"आपुन इंजनाकडं बघायचं. इंजनाला कुटं जात ठावं असती?"

मला कपापेक्षा या उत्तराची शिसारी यायची. या माणसाची लाजच मेली असली तर? दोन पोरी मोठ्या होत होत्या. बापाचं बघून त्याही उद्या तसला कप फुंकून पितील आणि वर हसतील, याची मला फार धास्ती होती.

मार्गासनीच्या पुढे, रस्ता सोडून आत एक गाव आहे. नाव लिहीत नाही, लिहायची माझी इच्छा नाही. तिथल्या मोठ्या घराच्या विहिरीवर इंजिन होतं. सगळं वरचं गाव त्याच विहिरीचं पाणी प्यायचं. आमच्या लोकांना तिथे बंदी, ते ओढ्यात झरे खणून वाटीवाटीनं भरायचे. ऐन मे महिन्यात ते इंजिन पाणी ओढेना. हे गेले. पाइपच्या तळाला, पाण्याच्या आत एक झडप असते, तिच्यातलं चामडं कुजलं होतं. गावातलं कुणी खाली उतरेना, म्हणून यांनीच बुडी मारून पाइप सोडवला, नवं चामडं बसवलं. इंजिन सुरू झालं. हे खुशीत घरी आले.

चार दिवसांनी त्या गावच्या आमच्या वस्तीतली एक बाई भोरच्या बाजाराला आली होती, ती टपरीवर टेकली. म्हणाली, "दादा, तुमी इंजन चालू करून ग्येला आन् त्याच इंजनावर त्येंनी समदी हीर उपसली बगा. दिसभर. तुमी पान्यात उतरला व्हता न्हवं!"

ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मे महिन्यात, माणसं हंड्याहंड्यासाठी भांडत असताना, विहीर तळापर्यंत उपसून ओढ्याला सोडली! मग गोमूत्र शिंपडलं. आमच्या वस्तीनं मात्र ते विटाळलेलं पाणी दोन दिवस हंडे भरभरून नेलं, हे सांगताना ती बाई तोंडाला पदर लावून हसत होती. पुढचं ऐका. ते इंजिन थंड राहायचं तेच मुळी उपसलेल्या पाण्यावर. पाणी संपलं तरी या शहाण्यांनी चालूच ठेवलं. पंपात गाळ गेला, इंजिन तापलं आणि जाम होऊन बसलं. आता विहिरीत पाणी नाही आणि इंजिनही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस टपरीच्या दारात. "चला मेस्त्री, इंजन बसलंय." उपसल्याचं अवाक्षर नाही. आणि आमचे हे पाने पिशवीत भरायला लागले!

"जायचं नाही," मी म्हणाले.

"पोरंबाळं हायती गं त्येंची."

"असतील. तुमच्या नुसत्या अंगाची त्यांना घाण वाटते. तरी जाणार?"

यांनी पिशवीचं तोंड बांधलं. माझं डोकं फिरलं. पोरींना शेजारणीकडे सोडलं आणि म्हटलं, "मग मी पण येते. बघू दे मला, तुम्ही काय काय गिळता ते."

कापूरहोळला एस.टी. बदलून मार्गासनी, तिथून उन्हात पायी. विहिरीवर दहा-बारा बाप्ये सावली धरून बसले होते. कुणी उठलं नाही. आधी खाली उतरून पाइपचं तोंड मोकळं करायचं आणि गाळ काढायचा, मग पंप आणि इंजिन खोलायचं, असं ठरलं. हे उतरले. ते बादली भरत, वरचा एकजण दोर ओढी.

मला तहान लागली होती. मी पाणी मागितलं. एक पोरगेला बाप्या तांब्या घेऊन आला आणि म्हणाला, "बस खाली. वंजळ कर." म्हणजे हा उभ्यानं वरून ओतणार आणि मी खाली बसून जनावरासारखी तोंड लावणार. माझ्या बोटांपर्यंत पहिली धार आली आणि मी हात काढून घेतले. पाणी मातीत पडलं.

"ओतू नका. असलं पाणी मला नको!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की विहिरीत ते घुमलं.

खालचं फावडं थांबलं. "काय झालं गं?"

मी सांगितलं. मग बादली खळखळली. तळाशी झरा पाझरत होता, त्याचं साचलेलं पाणी त्यांनी भरलं होतं. दोराला झटका बसला.

"वढा वर. आमच्या मंडळीला तान लागलीया. ती पाणी प्याली की मंग म्या पाना हातात घीन. न्हाई तर हीर तुमची, इंजन बी तुमचं."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती, त्यांच्या तोंडून अट घातलेली मी कधी ऐकली नव्हती. दोरवाला मोठ्या घरच्या म्हाताऱ्याकडे बघत होता, म्हातारा जमिनीकडे. शेवटी म्हातारा पुटपुटला, "वढ की मर्दा, बगतूस काय!"

बादली वर आली. पाणी गढूळ होतं, डिझेलचा वास मारत होतं. मी उभ्यानं, बादलीला तोंड लावून प्याले. दोरवाल्यानं मुठीत माती घेतली आणि माझ्यासमोर खसाखसा हात चोळले. किळस काय असते ते मला त्या दिवशी कळलं. पालीच्या लेंडीची ती नव्हेच.

इंजिन संध्याकाळपर्यंत सुरू झालं. वर येऊन त्यांनी पाने पुसले. म्हाताऱ्याला एवढंच म्हणाले, "पुन्यांदा कोरडं चालवलं तर इंजन कायमचं जाईल." त्यामुळे या खेपेला विहीर काही उपसता आली नाही.

परतीच्या वाटेवर हे रस्त्याच्या कडेला बसले आणि भडाभडा ओकले. मला वाटलं, विहिरीतला गॅस लागला. पाठीवरून हात फिरवायला गेले तर म्हणाले, "गॅस न्हाई गं. तू म्हनतीस मला किळस येत न्हाई. दर टायमाला येती. फकस्त घरी आनत न्हवतो."

मी त्यांच्याजवळ बसून रडले. इतकी वर्षं या माणसाला मी काय समजत होते!

त्यानंतर गावोगाव त्यांची एक रीत झाली. विहिरीवर पोचायचं, तिथल्याच हंड्यातलं, तिथल्याच तांब्यानं पाणी मागायचं, आणि पिऊन झाल्यावर पिशवी सोडायची. बऱ्याच गावांनी नाक मुरडत का होईना, दिलं. पासलीच्या बाजूच्या एका गावानं मात्र पाणी दिलं नाही आणि यांना तसंच माघारी लावलं. त्यांचं इंजिन सबंध उन्हाळा बंद पडून राहिलं, मळे करपून गेले. मला काडीचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. यांना वाटलं. दोन दिवस ताटावर नीट बसले नाहीत.