इल्-झा-बित

“पार-लेंट,” मी वाचलं आणि अख्खा वर्ग हसला.

दादरचा फ्रेंचचा क्लास. माझा चौथा दिवस. फळ्यावर ‘ते बोलतात’ हे फ्रेंचमध्ये लिहिलेलं. त्यातल्या क्रियापदाची शेवटची तीन अक्षरं लिहायची, पण बोलायची नाहीत. नुसतं ‘पार्ल’. हे पहिल्या आठवड्यात शिकवून झालेलं. मी उशिरा प्रवेश घेतलेला. मॅडमना ते माहीत होतं. तरी उभं केलं मलाच.

“डिलाईल रोडला असंच बोलतात का गं?” मॅडम म्हणाल्या.

फॉर्मवरचा माझा चाळीतला पत्ता बरोबर लक्षात ठेवला होता.

मी ट्रॅव्हल ऑफिसात तिकिटं काढते. फ्रेंच आलं तर टूरबरोबर जायला मिळणार होतं. म्हणून गप्प बसले. पण त्या दिवसापासून मला सगळ्यांचाच संशय. मागे कोणी कुजबुजलं, की माझ्यावरच. कोणी “छान” म्हटलं, की मी आधी त्याचं तोंड बघायची. हसतोय का?

घरी क्रियापदं तोडत बसायची. मध्ये रेघ मारून एकेक तुकडा. मोबाइलवर पुस्तकाचं रेकॉर्डिंग लावायचं, तुकडा म्हणायचा, परत ऐकायचं. आई विचारायची, “कित्या त्रास करून घेतंस गो?” मी रेकॉर्डिंग परत पहिल्यापासून लावायची.

महिन्याभराने ‘ते राहतात’ आलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने वाचलं, “इल् अबित.” मॅडम म्हणाल्या, “गुड.”

मग मी. “इल्-झा-बित.” झाडातला झ.

“हा झ कुठून आणलास? गावाहून?”

परत हशा. या वेळी मी बसले नाही.

“मॅडम, रेकॉर्डिंग लावा.”

“वेळ नाहीये.”

मी माझ्या मोबाइलवर लावलं. इल्-झा-बित. दोनदा. 

पहिल्या शब्दाच्या शेवटचा मुका ‘एस’ पुढच्या स्वराला जोडून झ असा बोलतात, हा नियम मॅडमना ठाऊक नसेल? असणारच. पण पुढच्या बाकाला न तपासताच ‘गुड’, आणि माझा झ कानावर पडताच टोमणा. मी तोंड उघडलं की चूकच निघणार, हे आधीच ठरलेलं.

“बरं, पुढे,” त्या म्हणाल्या.

“नाही मॅडम. माझं बरोबर होतं, ते आधी म्हणा.”

त्यांनी पान उलटलं.

क्लास मी सोडलेला नाही. सोडला असता तर त्यांना बरंच झालं असतं. आता माझं चुकलं असं कोणी म्हणालं, तर मी विचारते, कुठे? दाखवा. दाखवलं तर तिथल्या तिथे सुधारते. नाही दाखवलं, तर ऐकून घेणार नाही. कोणाचंच.