सिंकखालची मावशी

“तेवढं एक लेबल राहू द्या हं, मावशी.”

बाई दारात उभ्या. मी खाली गुडघ्यावर, बोटं खोबरेल तेलानं बुळबुळीत. लोणावळ्याचा बंगला, माणसं पुण्याची. सुट्टीला येतात. बाईंनी मागं कधीतरी ओट्याभोवतीच्या सागवानी कपाटांना लेबलं चिकटवली होती. साखर. डाळी. मसाले. आता लेकीच्या सासरची माणसं यायची होती. लेबलं नकोत म्हणाल्या, बरं दिसत नाही.

काढा म्हणायला काय जातं! कागद निघतो, गोंद तिथंच बसतो. त्यावर फोडणीचा धूर, धूळ. काळी चिकट चौकट होते. सुरी लावली की पॉलिश गेलंच. म्हणून तेलाचा बोळा दाबून धरायचा, गोंद मऊ झाला की बोटानं चोळायचा, मग साबणाच्या पाण्यातलं घट्ट पिळलेलं फडकं, मग कोरडं. सकाळपासून तेच चाललं होतं. पेरं हुळहुळली होती.

आणि आता हे शेवटचं. सिंकखालच्या कपाटाचं. त्यावर लिहिलेलं, ‘मावशी’.

आत काय? फिनेलची बाटली, फरशीचं फडकं, माझा कप, माझी ताटली.

म्हटलं, “सगळी काढली, मग ह्येच का ठिवायचं वो?”

“अहो, पाहुण्यांचा गोंधळ नको. चुकून कुणी तुमचा कप घेतला तर?”

हसून म्हणाल्या बघा. रागानं नाही. हसून.

मी शाळेची पायरी चढलेली नाही. अक्षरं शिकले ती ह्याच कपाटांवर. दार उघडलं की साखर, दारावर ‘साखर’. पुसता पुसता जुळवत गेले. ‘मावशी’ जुळलं त्या दिवशी मला लय आनंद झाला. एवढ्या मोठ्या घरात आपल्या नावाचं कपाट! घरी येऊन सुनेला सांगितलं. ती भाकरी थापत राहिली. तिला तेव्हाच कळलं होतं.

माझं माहेर तिकोणा पेठेचं, गडाखालचं गाव. आई ज्यांच्या खळ्यावर राबायची, त्यांच्या वळचणीला तिचा कप खोचलेला असायचा, कान तुटलेला. तिनं तो खाली धरायचा, त्यांनी वरून चहा ओतायचा. ते गेलं, आपल्या वेळेला ते राहिलं नाही, असं मी नातवंडांना सांगत होते. कुठं गेलं? वळचणीचा कप सिंकखाली आला, एवढंच. वर गोड नाव डकवलं.

मावशी म्हणजे आईची बहीण. आईच्या बहिणीचा कप कोण फिनेलशेजारी ठेवतं?

मी बोळा तेलात बुडवला आणि त्या शब्दावर दाबून धरला.

“अहो, राहू द्या म्हटलं ना!”

“चिकाट ऱ्हातंय बाई. बरं दिसत न्हाई.”

चोळलं. आधी ‘शी’ पुसली गेली, मग ‘व’. कागद निघाला, गोंद निघाला, सागाची रेघ स्वच्छ दिसायला लागली. मग माझा कप काढला, धुतला आणि वरच्या फळीवर त्यांच्या कपांच्या रांगेत ठेवला.

बाईंनी तो दोन बोटांनी उचलला. परत खाली, सिंकच्या कडेला.

“मावशी, हे बरं नाही. आम्ही तुम्हाला घरातलंच समजतो.”

“मग घरातल्याच्या कपात च्या द्या.”

दिला नाही. मी हात धुतले, पदराला पुसले आणि निघाले. कप तिथंच सोडला. तो माझा नव्हताच कधी.

सून म्हणते, “आई, अशानं काम कोण देईल?” खरंय तिचं. कामं तुटली. चिडचिड होते, घरी बसवत नाही, हाताला सवय लागलेली.

पण आता कुणी नव्या बंगल्यात बोलावलं, की मी उंबऱ्याबाहेर उभी राहते. “या ना मावशी, आत या,” म्हणतात. मी जागची हलत नाही. आधी विचारते, “माजा कप कुटं ठिवनार?”

बोट खाली गेलं, की मी चप्पल घालते.