टेमघरच्या बंद खोलीतली आई

माझ्या नोकरीतले कितीतरी आरोपी आज समोर उभे राहिले तरी मी त्यांना ओळखणार नाही. टेमघरची ती खोली मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे येते आणि आली की जेवणावरची वासना उडते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी भिवंडीत फौजदार होतो. आमचा बराचसा वेळ बंदोबस्तात जाई. तो शुक्रवार होता. शुक्रवारी भिवंडीतले कापडाचे लूम बंद असत. इतर दिवशी खडखडाट इतका अंगवळणी पडलेला की शुक्रवारच्या शांततेत शहर आजारी असल्यासारखं वाटे. सकाळची हजेरी झाली होती. ठाणे अंमलदार कोठडीकडे गेला होता, म्हणून वाजणारा फोन मीच उचलला.

पलीकडे एक बाई होती. आवाज दबका, पण घाबरलेला नाही.

"टेमघरला लूमच्या कारखान्यामागं पत्र्याची खोली आहे. आत एका म्हातारीला कोंडून ठेवलंय. पायाला बांधलंय तिच्या."

"आपण कोण बोलताय?"

"आज लूम बंद आहेत. भिंतीपाशी उभे राहा. ऐकू येईल."

फोन बंद झाला. स्टेशन डायरीत नोंद करून मी एक हवालदार आणि एक महिला पोलीस घेऊन निघालो. निनावी फोनवर फार विश्वास ठेवायचा नसतो. शेजाऱ्यांची भांडणंसुद्धा लोक असे फोन करून आमच्या गळ्यात घालतात.

खोली सापडायला वेळ लागला नाही. दाराला बाहेरून कुलूप होतं. एकुलत्या एका खिडकीला आतून फळी ठोकलेली, त्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं. समोर चहाची टपरी होती. टपरीवाला उत्तरेकडचा. त्याला विचारलं तर म्हणाला, "एक बाई रहती है, साहब, अपनी माँ के साथ. सुबह ड्युटी पे जाती है, शाम को आती है. दूसरा कोई कभी आया नहीं."

"आणि आवाज?"

"लूम चालू रहता है तो अपनी आवाज भी सुनाई नहीं देती. जुम्मे को आती है. हम समझे, बुढ़िया अकेली है, बेटी को बुलाती होगी."

मी पत्र्याला कान लावला. आतून अगदी संथ, दमून गेलेला आवाज येत होता. "बाय, दार उघड. बाय, दार उघड." मध्ये श्वास घ्यायला थांबायचं आणि पुन्हा तेच.

टपरीवाला आणि आणखी एक शेजारी असे दोन पंच घेऊन कुलूप तोडलं. आत घाण असेल, उपाशी, सांगाडा झालेलं माणूस असेल, अशी मनाची तयारी मी केली होती. तसं काही नव्हतं, आणि त्याचाच मला धक्का बसला. जमीन सारवलेली. खाटेवर म्हातारी बसलेली. धुतलेलं लुगडं, केसांना तेल, वेणी घट्ट घातलेली. हाताशी पाण्याचा तांब्या, ताटलीखाली झाकलेला भात. आणि डावा पाय कापडाच्या पट्टीनं खाटेच्या पायाला बांधलेला. पट्टी रुतू नये म्हणून आत कापूस ठेवला होता, तरी घोट्याची कातडी सोलली होती. ज्या हातांनी ती वेणी घातली होती त्याच हातांनी ती गाठ मारली होती. खून झालेली घरं मी पाहिली होती. पण या खोलीच्या उंबऱ्यावर मी थांबलो. महिला पोलीस भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, आलास? भात हाय, जेवून घे," म्हणाली आणि ताटली पुढे सरकवली.

टपरीवाल्याकडून कळलं, तिची मुलगी भिवंडीतल्याच एका मोठ्या घरी आया म्हणून कामाला होती. त्या घरच्या लकवा झालेल्या म्हाताऱ्या मालकाला सांभाळायचं तिचं काम. आम्ही पोचलो तेव्हा ती त्यांना चमच्यानं पेज भरवत होती. वय चाळिशीच्या आसपास, डोळ्यांखाली काळं. निर्दोष माणूस पोलिसांना 'का आलात' असं विचारतो. दोषी माणूसही विचारतो, जरा मोठ्यानं. हिनं काहीच विचारलं नाही. "एवढी पेज संपवू द्या," म्हणाली. संपवली, मालकांचं तोंड पुसलं, पदर खोचला आणि आमच्याबरोबर निघाली.

ठाण्यात तिनं एकच गोष्ट कबूल केली. "हो, मीच बांधते." त्यापुढे कितीही विचारलं तरी ती जमिनीकडे बघत राहिली. म्हातारीला तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिला दोन भाऊ असल्याचं मालकांच्या घरून कळलं, त्यांना निरोप धाडले. थोरला पडघ्याजवळच्या गावात शेती करायचा, धाकटा भिवंडीतच एका कचेरीत नोकरीला होता. दुपारपर्यंत दोघं आले.

धाकट्यानं येताक्षणी सांगितलं, "साहेब, हिच्यावर कडक कारवाई करा. आमच्या आईचे हाल केलेत हिनं."

"तुम्ही त्या खोलीत शेवटचे कधी गेला होता?"

"ड्युटी असते, साहेब. खोली टेमघरला आहे एवढं माहीत होतं."

थोरल्याला विचारलं. तो टोपी हातात घेऊन उभा होता. त्यानं नुसती मान हलवली. तोही कधी गेला नव्हता.

तिथे माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. फोनवरच्या बाईनं 'पायाला बांधलंय' असं सांगितलं होतं. बाहेरून पाय दिसणं शक्य नव्हतं. भाऊ आत गेले नव्हते, शेजारी गेले नव्हते. पाय पाहिलेली बाई एकच होती.

भावांना बाहेर बसवून मी तिला म्हणालो, "सकाळचा फोन तुम्हीच केला होता."

तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "मालकांच्या घरनं केला."

"का?"

मग ती बोलली. आवाज चढवला नाही, रडली नाही.

"आईचं डोकं चालत नाही आता. मी ड्युटीला गेले की ती चालत सुटायची. एकदा हायवेला गेली, ट्रकच्या पुढ्यात. ड्रायव्हर भला होता, त्यानं आणून सोडली. तेव्हापासून बांधते. रात्री झोपत नाही, मला झोपू देत नाही. दवाखान्यात विचारलं, तर म्हणाले, म्हातारपण आहे, औषध नाही. भावांना निरोप देऊन थकले." थोडं थांबून तिनं पुढचं सांगितलं. "परवा गाठ मारताना मी लई जोरात आवळली. ती ओरडली. आणि साहेब, मला बरं वाटलं. ती ओरडली आणि मला बरं वाटलं. म्हणून फोन केला."

मी ते वाक्य लिहून घेतलं.

"आता गुन्हा लिहा," ती म्हणाली. "मला आत टाका. मी आत गेले की आईला त्यांना न्यावंच लागेल. पोलीस आल्याशिवाय ते यायचे नव्हते."

शिक्षा टाळण्यासाठी नाना युक्त्या करणारी माणसं मी रोज बघत होतो. आईची सोय लागावी म्हणून कोठडी मागणारी मुलगी मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

संध्याकाळी पडघ्याहून थोरल्याची बायको एसटीनं आली. गावात पोलिसांचा निरोप आल्याचं कळल्यावर ती हातातलं काम टाकून निघाली होती. सगळं ऐकल्यावर ती नवऱ्याकडे वळली. "तुमी तं सांगत व्हते, म्हातारी तिकडं सुखात हाय." मग नणंदेला म्हणाली, "बाय, मला का न्हाय सांगलंस?"

"दादाला सांगितलं होतं. तो म्हणाला, वहिनीला जमणार नाही."

"मला कोनी इचारलंच न्हाय," ती म्हणाली.

एका बाईच्या नकाराचा आधार घेऊन दोन पुरुष मोकळे राहिले होते, आणि तो नकार तिनं कधी दिलाच नव्हता.

दवाखान्याच्या अहवालात गंभीर इजा नव्हती. सगळे कागद वरिष्ठांपुढे ठेवले. त्यांनी तिन्ही भावंडांचे जबाब घेऊन समज द्यायला सांगितलं. म्हातारी सुनेबरोबर गावी गेली. जाताना लेकीचा पदर सोडेना. सुनेनं तिचं एकेक बोट उलगडून तो सोडवला.

काही महिन्यांनी पडघ्याला बंदोबस्त होता, तेव्हा वाट वाकडी करून मी त्यांच्याकडे गेलो. म्हातारी अंगणात भिजवलेले वाल सोलत होती. पायाला काही नव्हतं.

"पळते कवा कवा," सून म्हणाली. "पन गावाभायेर जायाच्या आदी कोन ना कोन हात धरून आनतंच."

सगळं गोड झालं होतं असं नाही. म्हातारी कधी सुनेला मारायची, कधी अंथरुणात घाण करायची. सुनेनं धाकट्या दिराला बजावलं होतं, मी माहेरी जाईन तेव्हा तुम्ही रजा काढून यायचं. तो कुरकुरत का होईना, येत होता. मुलगी सुट्टीच्या दिवशी यायची. पहिल्या खेपेला ती ओटीवर आडवी झाली ती दिवे लागेपर्यंत उठली नाही. म्हातारी आता तिला ओळखत नव्हती. त्या दिवशी मुलगीही आली होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "नाव विसरली माझं. पण वेणी घालायला माझ्याच पुढ्यात बसते."

मी कोंडलेल्या म्हातारीला सोडवायला गेलो होतो. त्या खोलीत माणसं दोन कोंडलेली होती, आणि दुसरीच्या हातात किल्ली असल्यामुळे ती कुणाला दिसली नव्हती. उंबऱ्यावर उभा राहून मीही तिला क्रूरच ठरवलं होतं. फोन तिनं केला नसता, तर तसंच लिहून मोकळा झालो असतो.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक रीत पाळली. म्हातारं माणूस हरवल्याची तक्रार घेऊन घरचे आले की उंची, रंग, अंगावरचे कपडे लिहून झाल्यावर मी त्यांना विचारायचो, "यांच्याकडे बघतं कोण?" याचं उत्तर लगेच मिळायचं. कुणाची तरी सून, कुणाची मुलगी, कुणाची बायको. मग मी विचारायचो, "आणि तिच्याकडे कोण बघतं?"