करारात न बसलेलं विमान

हार्लन टोर्गरसन हा अमेरिकेतल्या मायनट गावच्या विमानतळावरचा पहिल्या नंबरचा कॅप्टन. हे नुसतं कौतुक नव्हे. या धंद्यात वैमानिकाला खरोखरच नंबर असतो. कंपनीत पाय ठेवला त्या दिवसापासून तो चालू होतो; सुट्टी कुणाला, चांगली फेरी कुणाला, सगळं त्यावर ठरतं. आणि कंपनी बदलली की नंबर मेला, पुन्हा रांगेच्या शेपटाशी उभं राहा. हार्लनच्या बरोबरीचे एकेक जण मिनियापोलिसच्या मोठ्या कंपनीत गेले, शेपटाशी उभे राहिले आणि हळूहळू पुढे सरकले. यानं मात्र नंबर सोडला नाही. रविवारी चर्च, नाताळ घरी, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरणं, हे सगळं त्या नंबरावरच चाललं होतं. वासरांत लंगडी गाय शहाणी, असं त्याची बायको होती तोवर म्हणायची. ते काही खोटं नव्हतं.

तो होता ती छोटी कंपनी मोठ्या कंपनीसाठी, तिच्याच रंगातली विमानं उडवायची. पण मोठ्या कंपनीच्या वैमानिकांनी मालकाकडून करारात लिहून घेतलं होतं: छोट्यांच्या विमानात खुर्च्या इतक्याच, वजन इतकंच, त्यापुढचं काम आमचं. त्यांचंही चुकलं नव्हतं. बोट दिलं की मालक मनगट धरतो. पण त्यापायी शहाणीसुरती माणसं काय करायची म्हणता? सत्तर खुर्च्यांच्या विमानातल्या वीस उपटायची, तिथं बॅगांची कपाटं ठोकायची आणि पन्नास तिकिटं विकायची. इथल्या खुर्च्या कुठं गेल्या, असं प्रवासी विचारत. हार्लन त्यांना सांगणार काय, कप्पाळ!

शेवटी ती विमानंही म्हातारी झाली. मालकाला नवी घ्यायची होती. नव्या विमानाच्या खुर्च्या करारात बसत होत्या, पण इंजिनं जड, त्यामुळे वजन बसेना. वजनाची अट सैल करायची की नाही, यावर मोठ्या कंपनीच्या वैमानिकांचं मतदान ठरलं. सैल झाली तर मायनटला नवी विमानं, नाही तर तिथला तळ बंद आणि छोटी कंपनीही बंद. हार्लनला एकसष्ट लागलेलं. पासष्टीला कायदाच खाली उतरवतो. आता कुठल्या शेपटाशी जाऊन उभा राहणार होता तो?

मत देणाऱ्यांत त्याची पोरगीही होती. सॉल्वेग नुकतीच मोठ्या कंपनीत लागली होती. तिला उडवायला यानंच शिकवलं होतं. तिच्याकडे मत मागायचं आणि तिच्या ओळखीच्यांनाही सांगायला लावायचं, असं ठरवून हार्लन बर्फातून गाडी हाकत मिनियापोलिसला गेला. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा घोकलं.

तिनं खिमा-बटाटे घालून ओव्हनमध्ये भाजलेलं हॉटडिश केलं होतं. जेवताना कामाच्या गप्पा निघाल्या. जड विमानं बाहेर छोट्या कंपन्यांकडे गेली तर आमच्याकडची कामं कमी होतील आणि शेपटाकडून माणसं घरी जातील, असं तिकडे सगळे म्हणत होते. शेपटाला कोण, तर हीच. मग तिनं सरळ विचारलं, "बाबा, तुला काय वाटतं?"

घोकलेलं सगळं त्यानं बाजूला ठेवलं. पोरीच्या ताटातलं काढून आपल्या ताटात कसं घ्यायचं?

"कराराला हात लावू नका," तो म्हणाला. "एकदा सोडलेलं परत मिळत नाही."

वर आणखी वाढून घेतलं. परतताना मात्र गाडीत एकट्यानंच स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या.

अट कायम राहिली, तीही प्रचंड बहुमतानं. वसंतात तळ बंद झाला, पाठोपाठ छोटी कंपनीही. म्हातारी विमानं जिथं टाकतात त्या वाळवंटात ती नेऊन उभी केली आणि हार्लनचा पहिला नंबर कुणी पुसायचीही तसदी घेतली नाही. कंपनीच गेली तर नंबर कुठला!

पण मायनटसारख्या गावांतून मिनियापोलिसला येऊन मोठ्या विमानात चढणारी माणसंही येईनाशी झाली. मोठी विमानं रिकामी जायला लागली, तेव्हा मोठ्या कंपनीनंही फेऱ्या कापल्या आणि शेपटाकडून माणसं घरी पाठवली. दोन बॅगा घेऊन सॉल्वेग बापाच्या दारात उभी राहिली.

त्यानं कॉफी केली. तिच्यापुढे कप ठेवला. शेवटी त्यालाच राहवेना.

"मी तुला तेव्हा नीटच सांगितलं होतं ना गं?"

"मी तुझ्या बाजूनं मत द्यायचं ठरवून बसले होते बाबा. तू मागशील म्हणून वाट बघत होते."

हार्लननं आपला कप खाली ठेवला. "मग विचारलंस कशाला?"

"तू मागावंस म्हणून. कधी काही मागत नाहीस."

"तुझ्या एका मतानं काय झालं असतं?"

"काही नाही," सॉल्वेग म्हणाली. "तरी मागायचं होतंस."