पाद्र्यांच्या नावाचा घास

दोन हजार बावीस साली मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो, आणि मेलेल्यांशी इतक्या अदबीनं वागणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, नंतरही नाही. हा माणूस म्हणजे माझ्या दिवंगत धाकट्या बहिणीचा नवरा. आमच्यासारखाच तंजावूरकडचा मराठी, कपाळाला गंध, आणि राखण कशाची, तर चेन्नईत समुद्राजवळच्या मोठ्या चर्चला लागून असलेल्या पाद्र्यांच्या जुन्या घराची! पोर्तुगीजांनी चुन्यात गूळ घालून बांधलेलं ते घर. कोणत्या खोलीत कोण तापानं गेला, कोण बोटीची वाट बघत म्हातारा झाला, हे भावोजी असं सांगत, जणू आत्ताच त्यांना कॉफी देऊन आलेत. रिकाम्या खोलीचंही दार वाजवत. "येऊ का, सामी?" म्हणत (पाद्र्यांना तिकडे सामीच म्हणतात) आणि थांबत. एकदा तसेच मागे फिरले. "आत्ता नको म्हणतायत." मी हट्टी, ढकललं दार. फरशीवर धूळ, धुळीत एकही पाऊल नाही. वेताच्या खुर्चीला हात लावला, तर बैठक ऊबदार. शाळा मी तिसरीत सोडली, पण जन्म कारखान्यात लेथवर गेला. हाताला ऊब कळते.

"उन्हानं तापलीय," मी म्हणालो.

"खिडकी उत्तरेला आहे, अण्णा."

दर अमावास्येला ते गच्चीत केळीच्या पानावर भात ठेवून कावळ्यांना बोलावत. पाद्र्यांना पोरंबाळं नाहीत, मग घास कोण ठेवणार?

"किरिस्तावांना भात कशाला?"

"अय्यो, जन्मभर मद्रासेत राहिले, नुसत्या पावावर जगले काय?"

मग भावोजी जिन्यावरून पडले, हात मोडला. घरही दुरुस्तीसाठी बंद होणार होतं. मी त्यांना अंबत्तूरला माझ्या घरी न्यायला गेलो, तर पायरीवरून उठेनात. "उद्या अमावास्या. त्यांना उपाशी टाकून कसा येऊ?"

"मी ठेवतो घास."

"तुम्ही? तुम्ही तर हसता त्यांना!"

"शब्द दिला ना? उठा!"

प्रत्येक दारापाशी "येतो, सामी" म्हणत ते निघाले. आमच्या मागे एकेक दार हळूच लागत गेलं. वारा नव्हता. मी वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या घराच्या गच्चीत भात ठेवला. कावळे कठड्यावर येऊन बसले, पण एकही शिवेना. कावळा शिवत नाही तेव्हा मेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखून शब्द द्यावा लागतो. म्हणालो, भावोजींचा हात बरा होईल. कोणी हललं नाही. म्हणालो, मी सांभाळीन त्यांना. तरी नाही. कुणापुढे न वाकणारा मी, शेवटी हात जोडले. "भावोजींनाही मूलबाळ नाही, ठाऊक आहे मला. ते गेल्यावर त्यांच्याही नावाचा घास माझ्या घरून निघेल."

तेव्हा एक उतरला.